स्वस्तातला स्कॅनर आणि ताईंचा डोळा

काट्यांच्या शेजारी तो पिवळा दिवा लागला तेव्हा प्रूफवाल्यांनी आधी चष्मा पुसला. दिवा गेला नाही. मग त्यांनी दिव्यावरची काच पुसली. तरी गेला नाही. शेवटी त्यांनी गाडी बंद केली, मनातल्या मनात चार चांगले विचार केले आणि पुन्हा चालू केली. दिवा आपला होता तिथेच, आणि त्याच्यातलं इंजिनाचं इवलंसं चित्र अगदी स्पष्ट दिसत होतं.

प्रूफवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात घालवला होता आणि निवृत्त झाल्यावरही घरबसल्या तेच चालू होतं, म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्यांना ते नाव बहाल केलं होतं. चूक दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटे. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, लिफ्टमधल्या सूचना, कशाचीच त्यांच्या तावडीतून सुटका नव्हती. एकदा तर सख्ख्या मेव्हण्याची लग्नपत्रिका त्यांनी लाल खुणा करून साभार परत पाठवली होती. त्या घरात पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या ताटातली भाजी अळणी असे.

अशा माणसाला गाडीने नुसतं ‘चूक आहे’ म्हणावं आणि कुठली ते सांगू नये, हा शुद्ध छळ होता.

“अहो, गाडी चालतेय ना?” बायको म्हणाली. “मग चालू दे की. माझ्या गुडघ्यात केव्हाचा दिवा लागलाय, मी चालतेच ना?”

“तुझा गुडघा ताईला दवाखान्यात नेणार नाहीये,” प्रूफवाले म्हणाले.

खरी काळजी ही होती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा या बहिणीने शिंप्याच्या दुकानातलं काजं-बटणांचं काम घरी आणलं, रात्रंदिवस सुईत दोरा ओवला आणि धाकट्या भावाला शिकवलं. प्रूफवाल्यांनी जन्मभर अक्षरांवर पोट भरलं ते ताईंच्या डोळ्यांच्या जिवावर, आणि हे ते एक दिवसही विसरले नव्हते. आता त्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ताई चहा कपाऐवजी कपाच्या शेजारी ओतत. दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला खुंटी समजून त्याच्या खांद्यावर ओला टॉवेल टाकत. परवा तर जिना संपला असं समजून त्यांनी पाय पुढे टाकला होता आणि जिना संपला नव्हता. नशीब, खालून इमारतीतल्याच दातांच्या डॉक्टरीणबाई वर येत होत्या.

ऑपरेशनच्या दोन तारखा आधीच हुकल्या होत्या. पहिल्या वेळी ताईंना ऐन सकाळी शिंका सुरू झाल्या, दुसऱ्या वेळी त्यांचा पाय मुरगळला. आता तिसरी तारीख मिळाली होती ती प्रूफवाल्यांनी दवाखान्यात हात जोडून मिळवलेली. डॉक्टर त्यानंतर लांबच्या मुक्कामाला परगावी जायचे होते, आणि डोळा आणखी पिकला तर काम अवघड होईल असं त्यांनी बजावलं होतं. ताईंनी होकार दिला, पण एका अटीवर.

“जाईन तर बाळच्या गाडीतून,” त्या म्हणाल्या होत्या. साठी उलटलेल्या प्रूफवाल्यांना त्या अजून बाळ म्हणत. “दुसऱ्या कुठल्या गाडीत मी पाऊल ठेवायची नाही. आधीच सांगून ठेवते.”

खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी आपली नवीकोरी गाडी देऊ केली, तीही ताईंनी नाकारली. प्रूफवाल्यांचे डोळे पाणावले.

“बघितलंस?” ते बायकोला म्हणाले. “केवढा विश्वास आहे तिचा.”

“तुमच्यावर की गाडीवर?”

“एकच झालं ते.”

मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, “आणून टाका. आधी स्कॅन करावं लागेल. पण गर्दी आहे, गाडी कधी मिळेल ते आत्ताच सांगत नाही.” गाडी तिकडे अडकली आणि तारीख उलटली तर काय, या विचाराने प्रूफवाल्यांना घाम फुटला. त्यांनी ठरवलं, स्वतःच स्कॅनर घ्यायचा. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिच्यात हे यंत्र खुपसलं की गाडीच्या पोटातली तक्रार बाहेर येते, एवढं त्यांना फोनवर वाचून कळलं. म्हणजे गाडीचं मुद्रितशोधनच की. हे काम आपल्यासाठीच आहे अशी त्यांची खात्री पटली.

पुढे मात्र ते चक्रावले. स्कॅनरांच्या जाती माणसांपेक्षा जास्त निघाल्या. काही पेटीएवढे, काही पाटीएवढे, काही अंगठ्याएवढे. काहींची किंमत ऐकून बायको म्हणाली, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेवढ्यात दुसरी गाडी येईल.” मग त्यांनी लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एकाने लिहिलं होतं, ‘उत्तम यंत्र, अजून उघडलं नाही.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘यंत्र बरं आहे, गाडी विकली.’ सगळं वाचून प्रूफवाल्यांच्या पदरात पडल्या त्या शुद्धलेखनाच्या असंख्य चुका.

शेवटी नवराबायको गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदाराने परवडतील असे तीन स्कॅनर काचेवर मांडले.

“यांची माहितीपत्रकं बघू,” प्रूफवाले म्हणाले.

“काका, यंत्र बघा ना.”

“यंत्र नंतर. माहितीपत्रक नीट नसेल तर यंत्र काय नीट असणार?”

दुकानदाराने तीन घड्या घातलेले कागद पुढे केले. प्रूफवाले स्टुलावर बसले. गिऱ्हाइकं आली, गेली. दुकानदाराचा चहा झाला. पहिलं पत्रक त्यांनी दुसऱ्या ओळीवरच नाक मुरडून बाजूला सारलं. तिसरं वाचताना ते अधूनमधून कळवळले. दुसरं संपलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला होता.

“एकही चूक नाही. हाच द्या.”

“पण गाडी कुठली आहे तुमची?”

“स्वतःची आहे,” प्रूफवाले अभिमानाने म्हणाले.

घरी येऊन त्यांनी यंत्र खाचेत बसवलं. सुंदर रंगीत पडदा उजळला, त्यावर शुद्ध, निर्दोष भाषेत लिहून आलं: ‘संपर्क होऊ शकत नाही.’ त्यांनी यंत्र काढलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. संपर्क होऊ शकत नव्हता. बायकोने खोक्याची बाजू उन्हात धरून बघितली आणि विचारलं, “अहो, हे नव्या गाड्यांसाठी आहे असं लिहिलंय. आपली गाडी नवी आहे का?”

“वाक्यात चूक नव्हती ना, म्हणून माझं लक्ष गेलं नाही,” प्रूफवाले म्हणाले.

दुकानदार भला माणूस. कुरकुर न करता त्याने तो स्कॅनर परत घेतला आणि प्रूफवाल्यांनी पहिल्याच फेरीत नापास केलेला, अंगठ्याएवढा, सगळ्यांत स्वस्त स्कॅनर हातावर ठेवला. “हा जुन्या गाड्यांशी बोलतो. फोनला जोडायचा. दिसायला काही नाही, पण काम करतो. पत्रक तेवढं वाचा नीट.”

पत्रक त्यांनी नीटच वाचलं. इतक्या नीट आयुष्यात फार थोड्या गोष्टी वाचल्या असतील. ऱ्हस्व-दीर्घांचा तो नरसंहार बघून त्यांना जेवण गेलं नाही. लाल पेन घेऊन ते बसले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत पत्रक शुद्ध करूनच उठले. मग त्याची घडी घालून त्यांनी ते गाडीच्या कप्प्यात ठेवलं. कंपनीला सवडीने पाठवायचं, म्हणजे पुढच्या आवृत्तीत तरी सुधारणा होईल.

आणि तो स्वस्त स्कॅनर चालला. फोनवर अक्षरं उमटली: धुराच्या नळीतला एक सेन्सर मंदावला आहे. मेकॅनिकला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, “तेवढंच? मग चालवा बिनधास्त, काही होत नाही. सवडीने बदलू.” प्रूफवाल्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मेकॅनिकला आशीर्वाद दिला. त्याहून बरं वाटलं ते फोनवरचं एक बटण बघून. त्यावर लिहिलं होतं, ‘पुसा’. ते दाबलं आणि पिवळा दिवा गेला.

दुसऱ्या दिवशी दिवा परत आला. त्यांनी परत पुसला. पुन्हा आला, पुन्हा पुसला. चूक परत डोकं वर काढतेय म्हटल्यावर तिच्यावर नजर ठेवायलाच हवी, म्हणून स्कॅनर त्यांनी खाचेतच ठेवला. गाडी बंद असली तरी त्याचा बारीक निळा दिवा लुकलुकत असे. सकाळी दात घासताना गॅलरीत उभं राहून ते गाडीकडे बघत आणि समाधानाने म्हणत, “पहारा देतोय बिचारा.”

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण हातात हातोडा आला की प्रत्येक गोष्ट खिळा दिसते म्हणतात, आणि प्रूफवाल्यांच्या हातात तर आता स्कॅनर आला होता. पहिले सापडले ते बँकवाले.

“माझी गाडी नवीकोरी आहे हो,” बँकवाले म्हणाले. “तिच्यात काय निघणार?”

“निघालं नाही तर उत्तमच. बघायला काय जातंय?”

निघालं. फोनवर नुसता एक आकडी कोड उमटला, खुलासा काही नाही.

“म्हणजे नेमकं काय झालंय?” बँकवाल्यांचा आवाज बारीक झाला.

“ते मला सांगता यायचं नाही. चूक आहे एवढं खरं.”

“पण गंभीर आहे का?”

“चूक ती चूक,” प्रूफवाले म्हणाले. “दाखवून देणं माझं काम. दुरुस्ती छापखान्याने करायची.”

बँकवाल्यांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नेली. तिथल्या माणसाने कोड ऐकून गंभीर चेहरा केला आणि गाडी ठेवून घेतली.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपणहून बोलावलं. त्यांच्या गाडीत निघालं ते इंजिनाच्या तापमानाबद्दल होतं. “म्हणजे पेटबिट घेईल की काय?” त्यांनी विचारलं. त्यावर प्रूफवाल्यांनी जन्मभराच्या सवयीने काटेकोर उत्तर दिलं: “तशी शक्यता नाकारता येत नाही.” डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवसापासून बसने जाऊ लागल्या. वरच्या मजल्यावरच्या व्यायामशाळेवाल्याच्या गाडीत एका सिलिंडरात ठिणगी चुकत होती. तो दणकट गडी म्हणाला, “एवढंच ना? मी खोलतो.” त्याने खोललं. आता त्याच्या इंजिनाचे भाग पार्किंगमध्ये जुन्या चादरीवर मांडलेले होते, आणि त्यांतले निम्मे कुठून आले ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

स्कॅनर यायच्या आधी इमारतीतल्या चारही गाड्या मजेत धावत होत्या. आता एकच धावत होती, ती प्रूफवाल्यांची, आणि दिवा लागला होता तोही तिच्यातच. गंमत अशी की सगळी माणसं त्यांचे आभार मानत होती. “तुम्ही होतात म्हणून कळलं,” असं बँकवाले भेटतील तेव्हा म्हणत, आणि प्रूफवाले विनयाने मान खाली घालत.

ऑपरेशनची सकाळ उजाडली. शिंका नव्हत्या, पाय धड होता. ताई स्वच्छ धुतलेले कपडे घालून गाडीत मागे बसल्या, त्यांच्या शेजारी बायको पाण्याची बाटली आणि फाइल घेऊन बसली. प्रूफवाल्यांनी किल्ली फिरवली.

गाडी ‘टक्’ म्हणाली.

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा ‘टक्’. काट्यांजवळचे सगळे दिवे आजारी माणसाने डोळे उघडावेत तसे मंदपणे उघडले आणि मिटले. स्टिअरिंगखाली स्कॅनरचा निळा दिवा तेवढा खुशाल लुकलुकत होता.

“बॅटरी उतरली,” वरच्या गॅलरीतून बघणारा व्यायामशाळेवाला म्हणाला आणि बनियनवरच खाली आला. पाठोपाठ बँकवाले आले, दात घासण्याचा ब्रश तोंडात तसाच. डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्यात निघाल्या होत्या, त्याही थांबल्या.

“दुसऱ्या गाडीवरून तारा लावल्या की होईल चालू,” व्यायामशाळेवाला म्हणाला. “तारा आहेत का कुणाकडे?”

“माझ्याकडे आहेत,” बँकवाले ब्रश काढून म्हणाले. “गाडीत.”

गाडी सर्व्हिस सेंटरात होती.

“तुमची गाडी?” प्रूफवाल्यांनी व्यायामशाळेवाल्याला विचारलं. त्याने मुकाट्याने चादरीकडे बोट दाखवलं.

“अहो, माझी घ्या ना,” डॉक्टरीणबाईंनी पर्समधून किल्ली काढली. “चालते ती. मीच भीतीने बाहेर काढत नाही.”

यावर गाडीच्या मागच्या सीटवरून ताईंचा शांत आवाज आला. “ती पेट घेणारी ना गं? बाळच म्हणाला होता, शक्यता नाकारता येत नाही म्हणून.”

प्रूफवाल्यांच्या स्वतःच्या तोंडचं वाक्य इतकं अचूक परत आलं की त्यात दुरुस्तीला जागा नव्हती. बँकवाले म्हणाले, “मग टॅक्सी बोलावतो.”

“परक्या गाडीत मला मळमळतं हो,” ताई म्हणाल्या. “आणि ऑपरेशनच्या आधी मळमळलेलं चालत नाही, डॉक्टरच म्हणालेत.” मग त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे बाळ. नसेल गाडीच्या मनात तर राहिलं. पुन्हा कधीतरी बघू. तू जिवाला लावून घेऊ नकोस.”

“बघा, केवढा समजूतदारपणा,” बँकवाले गहिवरून म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. प्रूफवाल्यांना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिने आपल्यासाठी डोळे घालवले, आणि ते परत मिळायची वेळ आली तर आपल्याला एक गाडी चालू करता येऊ नये.

इतक्यात बायको पुढे वाकली. चष्म्याचं घर शोधायला म्हणून तिने कप्पा उघडला होता आणि तिच्या हातात लाल खुणांनी भरलेलं ते पत्रक आलं होतं. ती वाचू लागली, “‘गाडी बंद असताना यंत्र काढून ठेवावे, अन्यथा बॅटरी उतरेल.’ अहो, हा स्वल्पविराम तुम्ही दिलाय ना?”

“हो. तिथे हवाच होता.”

“आणि ‘अन्यथा’ पण तुम्हीच नीट केलंय.”

“त्यांनी ‘अनथ्या’ छापलं होतं.”

“मग एवढं नीट करताना वाक्य काय म्हणतंय ते वाचलं नाहीत?”

“मी अर्थ वाचत नाही,” प्रूफवाले पडेल आवाजात म्हणाले. “आमच्या धंद्यात तसंच असतं. अर्थात शिरलं की चूक निसटते.”

बँकवाल्यांच्या मनात त्या वेळी आपल्या गाडीच्या कोडाचाही काहीतरी अर्थ असेल असा विचार येऊन गेला असावा, कारण त्यांनी ब्रश पुन्हा तोंडात घातला. माणसं चिडली असती तर प्रूफवाल्यांनी ते निमूट ऐकून घेतलं असतं. पण व्यायामशाळेवाला एवढंच म्हणाला, “काका, जुनी गाडी आहे ना? गिअर हातानेच टाकता ना? मग धक्का मारून चालू होते. नव्या गाड्यांना हे सुख नाही. उतरू नका ताई, बसून राहा. चला, सगळ्यांनी खांदा द्या.”

“शुभ बोला हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पर्स गळ्यात अडकवून त्यांनीही गाडीला हात लावला.

“अरे, कशाला उगीच त्रास घेता?” ताई आतून म्हणत होत्या. “सकाळची वेळ, कुणाची कंबर धरेल. राहू दे म्हणते ना मी.”

“ताई, तुम्ही काही बोलू नका,” बँकवाले मागून ओरडले. “तुमच्यासाठी एवढंही करायचं नाही का?”

बायको उतरली आणि तीही लागली, गुडघ्यातल्या दिव्यासकट. गाडी हलली. फाटकातून बाहेर पडली. पुढचा रस्ता थोडा उताराचा होता. प्रूफवाल्यांनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडीने एक आचका दिला आणि थांबली. पुन्हा सगळ्यांनी जोर लावला. पुन्हा आचका. आरशात त्यांना मागची माणसं दिसत होती. ज्यांच्या ज्यांच्या गाडीत त्यांनी चूक काढली होती ती सगळी तिथे होती, लालबुंद तोंडाने, धापा टाकत. त्यांच्यातल्या एकानेही प्रूफवाल्यांची चूक काढली नव्हती. आपण आयुष्यात इतक्या चुका शोधल्या, पण शेजारी इतकी चांगली माणसं राहतात हे आपल्या नजरेतून कसं सुटलं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तिसऱ्यांदा क्लच सोडला.

गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. पिवळा दिवाही लागला. त्याच्याकडे बघायला आज कुणाला वेळ नव्हता.

“बंद पडू देऊ नका,” असं म्हणत बँकवाले प्रूफवाल्यांच्या बायकोबरोबर धावत्या गाडीत चढले ते तसेच दवाखान्यापर्यंत आले. ताईंना आत नेईपर्यंत आणि नंतरही ते गाडीत बसून होते, अंगात घरचा लेंगा, हातात ब्रश, पाय ॲक्सिलरेटरवर. इंजिन बंद करायची त्यांची छाती होईना. पुढे मेकॅनिक गर्दी सोडून स्वतः आला, त्याने नवी बॅटरी बसवली, तेव्हा कुठे ते उतरले. मेकॅनिकने स्कॅनर खाचेतून काढून प्रूफवाल्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, “वस्तू चांगली आहे. फक्त कामापुरती लावा.”

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि ताई घरी आल्या. संध्याकाळी सगळी मंडळी प्रूफवाल्यांकडे जमली. चहा ताईंनी स्वतः ओतला, सगळाच्या सगळा कपांत. मग त्या एकेकाकडे निरखून बघू लागल्या. डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “अगंबाई, तू एवढी गोरी आहेस होय?” बँकवाल्यांना म्हणाल्या, “तुम्हाला मिशा आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही.” शेवटी त्यांची नजर भावावर थांबली.

“बाळ, तू किती रे पिकलास,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

प्रूफवाल्यांना राहवलं नाही. ते उभे राहिले. “मला बोलता येत नाही,” ते म्हणाले, “मी दुसऱ्यांचं वाचणारा माणूस. पण माझ्या मूर्खपणामुळे ताईची तारीख जायची वेळ आली होती. मी तुमच्या धडधाकट गाड्या घरी बसवल्या, आणि तुम्ही माझी मोडकी गाडी ढकलत नेलीत. तुमचे उपकार मी विसरायचो नाही. माझ्या ताईला तुमच्यामुळे दिसतंय.”

सगळे संकोचून कपात बघू लागले. ताईंनी पदराने डोळ्याची कड टिपली आणि कप खाली ठेवला.

“आता बाळ एवढे आभार मानतोय, तर मीही खरं बोलून टाकते,” त्या म्हणाल्या. “मला जायचंच नव्हतं.”

“कुठे?” प्रूफवाल्यांनी विचारलं.

“ऑपरेशनला. डोळ्यात सुरी घालणार म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. शिंका कसल्या, मी तपकीर ओढली होती. पायही मुरगळला नव्हता. तिसऱ्या वेळी काही सुचेना. मग म्हटलं, बाळच्या गाडीचाच हट्ट धरावा. तेवढी एकच गाडी अशी होती की जी ऐन वेळी बंद पडेल याची खात्री होती.”

प्रूफवाले उभेच होते. “म्हणजे तो विश्वास,” ते हळूच म्हणाले.

“गाडीवरच होता रे. आणि पडली की बंद, तिने शब्द पाळला. मी देवाचे आभार मानून उतरणारच होते, तर ही सगळी दांडगी माणसं येऊन चिकटली. ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणून मी गाडीत घसा फोडतेय, आणि हे म्हणतायत, ताई, तुम्ही बोलू नका. अशी ढकलत नेली मला.”

पहिल्यांदा व्यायामशाळेवाला हसला. मग डॉक्टरीणबाई हसल्या, त्यांना ठसका लागला. प्रूफवाल्यांची बायको तर हसता हसता खालीच बसली, आणि प्रूफवाल्यांना हसावं की रडावं ते न कळून त्यांनी दोन्ही केलं.

“पण बरं केलंत हो,” हसणं ओसरल्यावर ताई म्हणाल्या. “आज दुपारी सुईत दोरा ओवला मी. पहिल्या फटक्यात. तुम्ही ऐकलं असतंत माझं, तर राहून गेलं असतं.”

मग बायकोने आठवण करून दिली की पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे. डॉक्टरांचं परगावी जाणं थोडं लांबलंय, त्यामुळे तेवढं उरकूनच ते जाणार आहेत. प्रूफवाले घाईघाईने म्हणाले, “या वेळी मी आधीच टॅक्सी ठरवून ठेवतो. ताई, तुला घाबरायचं काही कारण नाही.”

“घाबरणार तर मी आहेच,” ताई म्हणाल्या. “या वेळीही राहू द्या म्हणेन, आताच सांगून ठेवते. म्हणून टॅक्सी नको. याच गाडीने जाऊ. ती चालू झाली नाही, तर ढकलायला ही माणसं आहेत की.”

बँकवाल्यांनी कप खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि विचारलं, “किती वाजता खाली यायचं?”